बाळ रडण्याच्या आधीचे तास

जन्मल्यावर बाळ रडलं नाही, निळं पडलं, की घरचे त्याच एका मिनिटाकडे बोट दाखवतात. इजेची सुरुवात मात्र बऱ्याचदा काही तास आधीच झालेली असते.

अशा बाळाचं अंग ७२ तास ३३ ते ३४ अंशांवर थंड ठेवायचं, हा उपचार श्रीमंत देशांत मेंदू वाचवतो. तो आपल्याकडे लागू पडतो का, हे ‘हेलिक्स’ चाचणीने तपासलं. बंगळुरूची इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था व बंगळुरू मेडिकल कॉलेज, मुंबईचं शीव रुग्णालय, शिवाय चेन्नई, श्रीलंका आणि बांगलादेश इथली ४०८ बाळं तीत होती. २०२१ मध्ये निकाल आला. थंड ठेवलेल्यांपैकी ४२ टक्के बाळं दगावली, इतरांपैकी ३१ टक्के. या बाळांचे एमआरआय पाहून संशोधकांनी काढलेला अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो: प्राणवायू एकाएकी तुटला नसावा, जन्माआधी तो बराच वेळ कमी पडत असावा.

प्रत्येक कळेला गर्भाशय आवळतं आणि वारेकडे जाणारं रक्त रोखलं जातं. कळ ओसरली की बाळाला पुन्हा प्राणवायू मिळतो. आईचा रक्तदाब वाढलेला असेल, अंगात रक्त कमी असेल, ताप असेल, बाळाची वाढ खुंटलेली असेल किंवा दिवस उलटून गेले असतील, तर बाळाजवळची शिल्लकच तुटपुंजी असते. नाळ बाहेर निसटणं किंवा वार आधीच सुटणं ही वेगळीच, अचानक येणारी संकटं.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती कळा वाढवण्याच्या इंजेक्शनची. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवून तेच आईचा जीव वाचवतं. पण बाळ पोटात असताना ते सलाइनमधून मोजून न देता थेट कमरेत टोचलं, तर मात्रा आवरता येत नाही. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येऊ लागल्या, की मधली उसंतच संपते.

म्हणून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकत राहायचे: मिनिटाला ११० ते १६० हवेत. सुरुवातीला दर १५ ते ३० मिनिटांनी, जोर लावताना दर ५ मिनिटांनी, आणि कळ ओसरल्यावरही. गर्दीच्या प्रसूतिगृहात एका परिचारिकेला हे कसं जमावं? २०१७ च्या केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात बाळंतिणीजवळ सोबतीणही धरली आहे. बंगळुरूत बाळंत होणाऱ्या, कन्नड न येणाऱ्या मराठी मुलीला तर ती हवीच. पाणी हिरवट दिसतंय, बाळ हलत नाहीये, हे कळांच्या भरात तिच्या वतीने सांगायला.