सुया तिला, तपासणी माझी राहिलेली

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथं अडखळलो ते काढलंय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.)

आजचा भाग सेमाडोहहून. परतवाडा-धारणी रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी, मेळघाटच्या जंगलात आमचं घर आहे. बाबा वनविभागात होते, रिटायर झाल्यावर इथंच राहिले. मागे कोंबडा आरवला तर तो एडिट केलेला नाही, आणि रेंजचं तर विचारूच नका. ही फाईल अपलोड करायला परतवाड्यापर्यंत घाट उतरून जावं लागणार आहे.

विषय जरा नाजूक आहे, हेडफोन लावा. मूल होत नसेल तर अ‍ॅक्युपंक्चर, जडीबुटी, काढे यांचा खरंच उपयोग होतो का? मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, कोड लिहितो. पण हा प्रश्न गेली दोन वर्षं माझ्याच घरातला आहे. बायकोला विचारून बोलतोय. तिने एकच अट घातली, "माझं नाव नको, आणि तुझी चूक लपवायची नाही."

तर आधी चूकच सांगतो. लग्नानंतर वर्षभर ती अमरावतीला बँकेत आणि मी पुण्यात. मग तिची बदली झाली. त्यानंतरही काही महिने गेले, आणि मग आईचा फोन. "काहून रे बाबू, सूनबाईले डॉक्टरले दाखवलं काय?" सूनबाईले! माझ्याबद्दल प्रश्नच नाही. आणि खरं सांगू, मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

ऑफिसमधल्या एकाने पुण्यातलं एक अ‍ॅक्युपंक्चर केंद्र सुचवलं. नाव घेत नाही. चोवीस सेशनचं पॅकेज, दर शनिवारी एक. तिथं तिची नाडी पाहिली, जीभ पाहिली, पाळीचं सगळं विचारलं. पोटावर, पायावर, हातावर बारीक सुया. ती अर्धा तास पडून राहायची, मी बाहेर बसून मोबाईल बघायचो. सहा महिने. या सहा महिन्यांत मला कुणी विचारलं नाही की तुमचा रिपोर्ट कुठाय, आणि मीही विषय काढला नाही. भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

आता अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे भोंदूगिरी असं मी म्हणत नाहीये. या पद्धतीचा आपल्याकडचा इतिहास मजेशीर आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, ते आपल्याला माहीत असतात. त्याच पथकात कोलकात्याचे डॉ. बसू होते. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला जाऊन हे सुयांचं तंत्र शिकून आले आणि त्यांनी ते भारतात आणलं. महाराष्ट्राने तर अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदाही केलाय, त्यात उपचार करणाऱ्याची नोंदणी असते. म्हणजे जाणार असाल तर नोंदणी विचारा, आणि सुई पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली, एकदाच वापरायची आहे ना ते बघा.

पण कायदा आहे म्हणजे त्याने मूल होतं, असं नाही. त्यासाठी ट्रायल बघावी लागते, आणि इथं माझ्यातला इंजिनियर जागा झाला. (खूप उशिरा झाला, ते सोडा.)

"सुयांनी गर्भधारणा वाढते" हे जिथंतिथं लिहिलेलं दिसतं, त्याचं मूळ बऱ्याच अंशी २००२ सालच्या एका जर्मन अभ्यासात आहे. आयव्हीएफ करणाऱ्या १६० बायका. आयव्हीएफ म्हणजे बीज आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र आणून तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडायचा. आपल्याकडे हे मुंबईच्या केईएममध्ये १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या टीमने करून दाखवलं. तर या १६० पैकी ८० जणींना भ्रूण सोडण्याच्या आधी आणि नंतर २५-२५ मिनिटं सुया लावल्या, त्यातल्या ३४ जणींना गर्भ राहिला. उरलेल्या ८० जणी नुसत्या शांत पडून राहिल्या, त्यांच्यात २१. म्हणजे ४२.५ टक्के विरुद्ध २६.३ टक्के. आकडा बघून कुणीही पॅकेज घेईल!

आता यातला बग बघा. आपण ए/बी टेस्ट करतो तेव्हा युजरला कळू देत नाही की त्याला कुठलं व्हर्जन दिलंय. इथं सगळ्यांना माहीत होतं. सुया लागलेल्या बाईला कळतंच ना की सुया लागल्या. शिवाय मोजलं काय, तर गर्भ राहिला का एवढंच. बाळ जन्मलं का, हे नाही. आणि १६० ही संख्याही लहानच.

मग पुढच्या लोकांनी खोटी सुई वापरली. ती त्वचेत शिरत नाही, पण टोचल्यासारखं वाटतं. २०१८ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८४८ बायकांवर असा मोठा अभ्यास झाला. अर्ध्यांना खरी सुई, अर्ध्यांना खोटी, तीही खऱ्या बिंदूंपासून दूर. जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण, खऱ्या सुईत १८.३ टक्के, खोट्यात १७.८. झालं. फरक नाहीच म्हणायचा.

तुम्ही म्हणाल, हे आयव्हीएफचं झालं, आम्हाला तर पीसीओएस आहे. त्यावर त्याआधीच्या वर्षी, २०१७ मध्ये, खुद्द चीनमध्ये १००० बायकांवर अभ्यास झाला. मला तो सगळ्यात आवडला, कारण त्याची रचना साधी दोन बाय दोनची आहे. सुई खरी किंवा खोटी, आणि गोळी खरी किंवा खोटी. गोळी म्हणजे बीज तयार व्हायला देतात ती जुनी, स्वस्त क्लोमिफीन. खरी गोळी घेणाऱ्यांत २८.७ टक्के जणींना बाळ झालं, खोट्या गोळीत १५.४. गोळीने जवळजवळ दुप्पट. आणि सुई? खरी असो की खोटी, दोन्हीकडे साधारण २२ टक्के. जिथं ही विद्या जन्मली तिथल्याच डॉक्टरांनी हे छापलं, याचं मला कौतुक वाटतं.

बायकोला हे आकडे दाखवले तेव्हा ती म्हणाली, "पण मला तिथं झोप छान लागायची." ते खरंच आहे. आठवडाभर बँकेतली गर्दी, घरातले प्रश्न, आणि अर्धा तास कुणी काही बोलत नाही. त्यासाठी कुणी पैसे देऊन जात असेल तर जावं की. फक्त त्याला गर्भधारणेचा उपचार समजू नये. आणि हो, "टेन्शन घेतेस म्हणून होत नाही" असं तुमच्या बायकोला, बहिणीला कुणी म्हटलं तर हे सांगा. २०११ साली १४ अभ्यास एकत्र करून, साडेतीन हजारांवर बायकांची माहिती तपासली गेली. उपचाराआधी कोण किती तणावात होती, याचा त्या फेरीत गर्भ राहण्या-न राहण्याशी संबंध सापडला नाही. मूल होत नाही हे दुःख आहेच, वर ते तिच्याच रडण्यामुळे होत नाही हा आरोप कशाला?

आता जडीबुटी. हा तर आमच्या घराचाच प्रांत. घाट उतरून खाली अंजनगाव सुर्जी, अकोटकडे गेलात तर शेतकरी सफेद मुसळी आणि पानपिंपळी पिकवतात. मुसळी "मर्दानी ताकद" म्हणून देशभर विकली जाते. तिच्यावरचे अभ्यास बरेचसे उंदरांवर झालेत. पुरुषाने मुसळी खाल्ली आणि त्याच्या घरी पाळणा हलला, असं मोठ्या ट्रायलमध्ये दिसलेलं मला सापडलं नाही. अश्वगंधाचं थोडं बरं आहे, लहान अभ्यासांत शुक्राणूंची संख्या वाढलेली दिसते. पण अश्वगंधामुळे काहींच्या लिव्हरला त्रास झाल्याचीही नोंद आहे, आणि गर्भ राहण्याची शक्यता असेल तेव्हा बाईने ते स्वतःच्या मनाने घ्यायचंच नाही.

पिंपळीचं तर ऐकाच. पिंपळी, वावडिंग आणि टाकणखार यांचं एक मिश्रण आयुर्वेदात आहे आणि सरकारी संशोधन संस्थांनी त्याचा अभ्यास केलाय. कशासाठी? गर्भनिरोधक म्हणून! मूल हवं असलेल्या बाईला शेजारची मावशी प्रेमाने कुठला काढा देतेय, त्यात काय काय आहे, हे विचारायला नको का? "नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही" हे वाक्य मी आता कानाआड करतो. २००४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतून आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी ७० उत्पादनं घेऊन तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिसं शुक्राणूंनाही वाईट आणि पोटातल्या बाळालाही. लेबल नसलेली पुडी असेल तर नाही म्हणा.

मागच्या दिवाळीत घरी आलो तेव्हा बाबांच्या ओळखीचे एक म्हातारे भुमका भेटले. भुमका म्हणजे आमच्याकडच्या कोरकू लोकांचे पारंपरिक वैद्य. आईने भीतभीत विषय काढला. मला वाटलं, आता मुळी देतील. त्यांनी आधी विचारलं, तुम्ही दोघं एका घरात राहता का? म्हटलं, पहिलं वर्ष नाही, महिन्यातून दोन शनिवार-रविवार भेटायचो. ते हसायलाच लागले. आणि त्यांचं हसणं बरोबर होतं. बीज बाहेर पडतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच, असे महिन्यातले सहाच दिवस गर्भ राहू शकतो. आमच्या त्या वर्षातले कितीतरी महिने रविवारच्या बसच्या वेळापत्रकातच गेले. पुण्यातल्या केंद्रात हा प्रश्न सहा महिन्यांत कुणी विचारला नव्हता.

पुण्याला परत गेल्यावर पहिल्याच सोमवारी मी वीर्यतपासणीला गेलो. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, डबीत नमुना द्यायचा, संपलं. दुखत नाही, सुई नाही. लाज वाटते, ती दहा मिनिटांची असते. सध्याच्या जागतिक मापाप्रमाणे एक मिलिलिटरमध्ये किमान १.६ कोटी शुक्राणू ही खालची रेघ धरतात. माझे ६० लाख. एका रिपोर्टवर ठरवत नाहीत म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा केली, आकडा तेवढाच. डॉक्टरांनी हाताने तपासलं आणि सांगितलं, डाव्या बाजूला व्हेरिकोसील आहे. अंडकोषाच्या शिरा फुगतात, रक्त साचतं, तिथलं तापमान वाढतं. शंभरातल्या पंधराएक पुरुषांत हे असतं, आणि मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांत त्याहून बरंच जास्त.

तिच्या चोवीस सेशनच्या सुया माझ्या शिरांपर्यंत कशा पोचणार होत्या?

त्या दिवशी घरी जाऊन तिला रिपोर्ट दिला. ती काही बोलली नाही. फक्त पॅकेजची फाईल कपाटातून काढून रद्दीत ठेवली.

मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, कधी एकटं, कधी दोघांकडचं मिळून. म्हणून वर्षभर प्रयत्न करून झालं नाही, बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिने, तर दोघांची तपासणी एकाच वेळी. तिची बीज तयार होण्याची आणि नळ्यांची. आपल्या देशात टीबीने नळ्या बंद होणं हे मोठं कारण आहे, आणि बंद नळी ना सुईने उघडते ना काढ्याने. यात वर्ष घालवलं तर वय वाढतं, त्याचा रिफंड नाही.

बिनऔषधी उपाय काहीच नाहीत का? आहेत, पण ते कुणी पुडीत बांधून विकत नाही. पीसीओएस असून वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के वजन उतरल्यावर अनेकींची पाळी आणि बीज सुरळीत होतं. बाईने प्रयत्न सुरू करतानाच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यायचं, बाळाच्या मणक्यातला आणि मेंदूतला दोष टाळायला. आशाताईंना विचारा, त्या सांगतील.

आणि पोरांनो, खर्रा! आपल्या विदर्भात चौकाचौकात घोटला जातो. तपासणीला आलेल्या ६३८ पुरुषांचा २००५ सालचा अभ्यास आहे, तंबाखू जितकी जास्त चघळायचे तितके शुक्राणू खराब. त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास माझ्यासारख्यांसाठी. २९ तरुणांना तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसवलं, तर अंडकोषाजवळचं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलं. मी तर पलंगावर बसून चार वर्षं कोड लिहिलाय. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर पळा. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूला वाटतं माल पुरेसा आहे, आणि तो शुक्राणूंच्या कारखान्याला सिग्नल देणंच बंद करतो. दंड फुगतात, मोजणी शून्यावर येऊ शकते.

एक शुक्राणू तयार व्हायला साधारण सत्तर-बहात्तर दिवस लागतात. म्हणून आज काही सोडलं किंवा सुरू केलं तर फरक तीन महिन्यांनी मोजायचा, आठ दिवसांनी नाही. माझं ऑपरेशन झालंय. बऱ्याच जणांचा आकडा त्यानंतर सुधारतो, सगळ्यांचा नाही, आणि आकडा सुधारला म्हणजे मूल होईलच असंही नाही. डॉक्टरांनी हे आधीच स्पष्ट सांगितलंय. नाही सुधारला तर पुढे आयव्हीएफचा विचार करू. तोवर टेबल विकत घेतलंय आणि लॅपटॉप त्यावर.

येत्या पंधरा तारखेला तीन महिने होतात. सुट्टीवर इथंच आहे, तर अमरावतीलाच तपासणी करून घेईन. काल रात्री जेवताना हे बोलणं निघालं तर आई म्हणाली, "सूनबाईले कायले दगदग? तुह्यासंगं मीच येतो."