झोपेत खोकतो का?

मेच्या पहिल्या मंगळवारी दमा दिन झाला, ७ जूनला टूरेट, म्हणजे नकळत होणाऱ्या हालचाली-आवाजांच्या विकाराच्या, जागृतीचा दिवस. हे दोन्ही विकार एकाच मुलाला असू शकतात, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आता शाळा उघडतील आणि पावसाळी खोकल्याच्या गर्दीत ही मुलं हमखास चुकीच्या रांगेत उभी राहतील.

पनवेलजवळच्या कोनमध्ये तर ही गल्लत सहज व्हावी. महामार्ग उशाशी, अवजड गाड्यांची धूळ, वर पावसाळ्यातली ओल. पोर खोकलं की ‘बाळदमा’ असं निदान डॉक्टरांआधी शेजारीच करून मोकळे होतात. गिरणी कामगारांसाठी इथल्या ज्या २,४१७ घरांची सोडत २०१६ मध्ये निघाली, तिथेच २०२० साली कोविडचं विलगीकरण केंद्र होतं. खोकणाऱ्यापासून चार हात लांब सरकायचं हे इथे वेगळं शिकवायला नको.

२०१८ च्या ‘हिचकी’ चित्रपटामुळे टूरेट आपल्याकडे घरोघरी कळला, पण पडद्यावरचा तो मोठा आवाज लक्षात राहिला. डोळे मिचकावणं, नाक ओढणं, सतत खाकरणं, कोरडं ‘खुक्‌-खुक्‌’ या ‘टिक’ मात्र ‘चाळे’ म्हणून दटावण्यावारी जातात. मूल मुद्दाम करत नसतं. आधी घशात काहीतरी सळसळतं, खोकलं की क्षणभर सुटका, की पुन्हा तेच. दम्यातही घसा खवखवू शकतो, त्यामुळे आपल्याला नेमकं काय होतंय हे आठ वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही.

म्हणून शीर्षकातला प्रश्न. दम्याची ढास रात्री, पहाटे, धावल्यावर उठते. छातीत शिट्टी वाजते. टिकचा खोकला झोपेत बहुधा थांबतो आणि परीक्षेच्या ताणात वाढतो. आईने मोबाइलवर दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन व्हिडिओ काढून नेले, तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

अमेरिकेतले बालदमातज्ज्ञ माइल्स वाइनबर्गर यांची एक पद्धत गाजली आहे. सवयीच्या, म्हणजे आजार नसताना चालू राहिलेल्या, खोकल्याच्या मुलाला समोर बसवायचं, उबळ आली की कोमट पाण्याचा घोट घेऊन ती थोडा वेळ रोखायला लावायचं, मग आणखी थोडा वेळ. कित्येक महिन्यांचा खोकला अशा एकाच बैठकीत थांबल्याच्या नोंदी त्यांच्या नावावर आहेत. वाचायला झकास वाटतं. पण टूरेटच्या मुलावर ही जादू टिकेल असं मला वाटत नाही. तिथे एक टिक गेली की दुसरी हजर होते. अशा मुलांसाठी टिकची चाहूल ओळखून तिच्या आड येणारी दुसरी हालचाल शिकवणारं वर्तनोपचाराचं प्रशिक्षण आहे. २०१० मध्ये १२६ मुलांवर झालेल्या अमेरिकी चाचणीत त्याने निम्म्याहून जास्त मुलांना फरक पडला; नुसती माहिती आणि आधार मिळालेल्या गटात जेमतेम १८ टक्क्यांना. आपल्याकडे असं शिकवणारे थोडे, आणि कोनहून त्यांच्यापर्यंत पोचायचं तर एक दिवस मोडायचा, ही खरी अडचण.

तोवर होतं काय? खोकला थांबत नाही म्हणून पंपाचे डोस वाढत जातात. जास्त झालेल्या औषधाने हात थरथरतात, छाती धडधडते, आणि खोकला आहे तिथेच. याच्या उलट चूक अधिक जिवावरची: ‘टिकच आहे’ असं समजून दमेकरी मुलाचा पंप बंद करणं.

तेव्हा पालकहो, पंप परस्पर थांबवू नका, नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी करून घ्या आणि छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी मेंदूविकारतज्ज्ञांनाही दाखवा. आणि बाईंनो, खोकणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभं करू नका.