गुटीचा डबा आणि ह्वांगल्येन

सिंगापूर : औंधहून लेकीच्या बाळंतपणासाठी इथे येणाऱ्या आईच्या बॅगेत यमाईचा अंगारा असतो, डिंकाचे लाडू असतात आणि एका लहान डब्यात बाळगुटीची सामग्री असते. वेखंड, मुरुडशेंग, मायफळ, अतिविष, हळकुंड. कशाचे किती वेढे द्यायचे, हे तिला तोंडपाठ असते.

शेजारच्या चिनी घरातही बाळंतिणीचा महिना असाच कडक पाळतात. थंड पाणी नाही, वारा नाही, आणि तान्ह्याच्या तोंडात काहीतरी कडू. ते कडू म्हणजे ह्वांगल्येन, पिवळीधमक मुळी. गर्भातली उष्णता तिने उतरते, अशी जुनी समजूत. हिच्या कुळातली मुळी अरुणाचलात मिश्मी टेकड्यांवर होते. तिच्यातले बर्बेरिन हे द्रव्य आपल्या दारुहळदीत आणि तिच्यापासून केलेल्या रसांजनातही असते.

ह्वांगल्येनवर सिंगापूरने १९७८ साली बंदी घातली.

कारण बाळांची कावीळ. इथल्या काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतःच कमी असते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी चुकीच्या औषधाने, अगदी डांबराच्या गोळ्यांच्या वासानेही फुटू शकतात. कावीळ मेंदूत शिरली तर बाळ दगावते किंवा जन्माचे अधू होते. बालरोगतज्ज्ञ प्रा. वाँग हॉक बून यांनी या आजाराचा पाठपुरावा केला. १९६५ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे नाळेतले रक्त या विकरासाठी तपासले जाऊ लागले. ही तपासणी म्हणजे या छोट्या देशाने केलेले फार मोठे काम आहे. बंदी घालायला एक आदेश पुरतो. प्रत्येक बाळाचे रक्त तपासायला वर्षानुवर्षे माणसे राबावी लागतात.

बंदी मात्र तीन दशकांहून जास्त टिकली. चिनी वैद्य कुरकुरत राहिले, कारण त्यांच्या कितीतरी पाठांत ह्वांगल्येन हवेच. अखेर पुरावे पुन्हा तपासले गेले आणि सरकारने टप्प्याटप्प्याने दार उघडले: बर्बेरिन असलेली तयार औषधे २०१३ पासून, सुटी मुळी २०१६ पासून. विकर कमी असलेल्या बाळांना ती देऊ नये, हा सल्ला कायम आहे. अशा बाळांच्या आईबापांना जी यादी मिळते, तिच्यात ह्वांगल्येनशेजारी मोत्याची भुकटी असते आणि न्यूह्वांगही. न्यूह्वांग म्हणजे आपले गोरोचन. आपल्याकडच्या किती आज्यांनी ते बाळाला विश्वासाने चाटवले असेल!

चायनाटाउनमधल्या औषधाच्या दुकानात आज भिंतभर खण असतात आणि मुळ्या तोलून मिळतात. तयार चिनी औषध विकायचे तर त्याची आधी सरकारी यादीत नोंद लागते. ही पद्धत १९९९ पासूनची. चिनी वैद्यांच्या नोंदणीचा कायदा २००० सालचा. लिटल इंडियात मिळणाऱ्या आयुर्वेदिक औषधांना अशी पूर्वपरवानगी लागत नाही. माल निर्धोक असल्याची जबाबदारी विकणाऱ्याची. आपल्या मंडळींना ही मोकळीक सोयीची वाटते. ती काळजीची वाटायला हवी. जड धातूंची मर्यादा मात्र दोघांना सारखीच: पारा दहा लाख भागांत अर्धा भाग. पारा-गंधकाची कज्जली घालून केलेला सूतशेखर, जो साताऱ्याकडे पित्तासाठी घरोघरी असतो, तो या मापात कसा बसणार?

औषधी मुळ्या सीमेपलीकडे नेण्याचा प्रश्न वेगळाच. हिमालयातली कोष्ठ ही मुळी पिढ्यान्‌पिढ्या चीनला जात असे; काश्मीर संस्थानाने त्यासाठी १९२१ साली खास कायदा केला होता. रानातले कोष्ठ इतके उपसले गेले की १९८५ पासून ते वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. चीन आता युन्नानात स्वतःचे पिकवतो. दिवाळीच्या उटण्यातली जटामांसी त्याच कराराच्या दुसऱ्या यादीत येते. व्यापारासाठी सुटी न्यायची तर परवाना हवा. उटण्यात मिसळून विक्रीच्या बंद पुडीत आली तर सूट.

औंधच्या आईच्या डब्याला यातले काहीच आडवे येत नाही. आईबापांना मिळणाऱ्या त्या यादीत पारंपरिक औषधांपैकी नावे आहेत ती चिनी औषधांची. वेखंड आणि अतिविष घरी उगाळले जाते हे लेकीने स्वतःहून सांगितले, तरच ते डॉक्टरांना कळते.