जुन्या हार्लेचा कॅम बदलायचाय? आधी चेनकडे बघा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जुन्या क्रूझरच्या इंजिनात कॅमशाफ्ट बदलण्याचा. उदाहरण घेतलंय हार्ले-डेव्हिडसनच्या ट्विन कॅम ८८ या इंजिनाचं. हे १९९९ च्या मॉडेलपासून आलं, १४५० सीसी, दोन सिलिंडर, त्यांच्यामध्ये ४५ अंशांचा कोन. अमेरिकेत या गाड्या आजही भरपूर फिरतात. पंचवीस वर्षं झाली तरी लोक त्या विकत नाहीत, दुरुस्त करत राहतात. आणि त्यात सगळ्यात जास्त चर्चा होते ती कॅम बदलण्याची.

हेच इंजिन का? तर पिकअप वाढवायच्या हौसेने लोक त्याचं कॅम कव्हर उघडतात, आणि आत त्यांची गाठ पडते एका प्लॅस्टिकच्या तुकड्याशी. त्या तुकड्याची अवस्था न बघता नुसता कॅम बदलला, तर नव्या कॅमसकट इंजिन बसू शकतं.

आधी कॅम म्हणजे काय ते पटकन. एक दांडा, त्यावर अंड्यासारखे उंचवटे. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. उंचवटा किती उंच, त्यावरून व्हॉल्व्ह किती उघडणार ते ठरतं, त्याला लिफ्ट म्हणतात. उंचवटा किती रुंद, त्यावरून किती वेळ उघडा राहणार ते ठरतं. आणि तो नेमका कधी उघडणार, कधी बंद होणार, हे टायमिंग. एवढं डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

जुन्या बुलेटचं टायमिंग कव्हर उघडलेलं कोणी बघितलंय? आत दातेरी चाकं दिसतात, क्रँकवरच्या पिनियनने फिरणारी. हार्लेचं आधीचं इव्होल्युशन इंजिनही गिअरवरच चालायचं, कॅम मात्र एकच. ट्विन कॅममध्ये कंपनीने कॅम दोन केले आणि गिअरच्या जागी चेन आणल्या. बाहेरची चेन क्रँककडून मागच्या कॅमला फिरवते. आतली चेन मागच्या कॅमकडून पुढच्या कॅमला. चेन गिअरपेक्षा शांत चालते, हा तिचा मोठा फायदा.

पण चेन म्हटली की ती ताणून धरायला काहीतरी हवं. इथे प्रत्येक चेनला एक टेन्शनर आहे. त्याच्या टोकाला प्लॅस्टिकचा जोडा, म्हणजे शू, आणि मागून स्प्रिंग. ही स्प्रिंग चांगलीच कडक. इंजिन थंड असो, गरम असो, हळू चालो, जोरात चालो, ती शूला चेनवर त्याच ताकदीने दाबत राहते. शू झिजतो. काही वेळा नुसता झिजत नाही, त्याचे टवके उडतात. हे टवके आणि भुकटी पडते ऑइलमध्ये. आणि ऑइल पंप कुठे बसवलाय? त्याच खोलीत, कॅमच्या प्लेटमागे. म्हणजे कचरा आणि पंप शेजारी शेजारी. पंपात ओरखडे पडले की ऑइलचं प्रेशर उतरतं, आणि मग बेअरिंग, टॅपेट, सगळ्यांनाच त्रास. शू पूर्ण संपला तर चेन थेट धातूवर घासायला लागते, आणि तो चुरा प्लॅस्टिकपेक्षा वाईट.

बाहेरून याचा काही पत्ता लागत नाही, हीच पंचाईत. गाडी मस्त चाललेली असते. काही इंजिनांत शू लवकर जातो, काहींत बराच टिकतो. या इंजिनाचे जाणकार साधारण ४० हजार किलोमीटरच्या आसपास एकदा उघडून बघा म्हणतात. बाहेरचा टेन्शनर कव्हर काढलं की समोरच दिसतो. आतला असतो प्लेटच्या मागे. तो नीट बघायचा तर प्लेट काढा, आणि प्लेट काढली की दोन्ही कॅम त्याच्याबरोबर हातात येतात.

आता लक्षात आलं ना, कॅम बदलायची वेळ कोणती? मजुरी तीच, गॅस्केट तीच. शू बदलायला इंजिन उघडलंच आहे, तर कॅमचा विचार तेव्हाच करावा. उलट, फक्त ताकदीसाठी कॅम घालून जुनेच शू परत बसवणं, हे माझ्या मते पैसे जाळणं आहे.

चेनचं काय करायचं, यात तीन वाटा आहेत. पहिली, नवे शू, तीच स्प्रिंग. स्वस्त, आणि पुढच्या ४० हजारांची सोय. दुसरी, हायड्रॉलिक टेन्शनर. हार्लेने स्वतःच २००६ मध्ये डायना गाड्यांवर आणि २००७ मध्ये बाकीच्या बिग ट्विन गाड्यांवर हा बदल केला. स्प्रिंगच्या जागी ऑइलच्या दाबाने शू चेनवर टेकतो, दाब बराच कमी, आणि चेनही रोलरची. जुन्या इंजिनात ही व्यवस्था बसवायची किट मिळतात, त्यात प्लेट आणि पंपही नवे येतात. मात्र त्या प्लेटला त्याच जातीचे कॅम लागतात, त्यामुळे कॅम आणि किट जुळतंय का, हे पैसे द्यायच्या आधी बघायचं.

तिसरी वाट गिअर ड्राइव्ह. चेनच नाही, शूच नाही, झिजायला काही उरलंच नाही. विस्कॉन्सिनमधलीच एस अँड एस ही कंपनी असे गिअर बनवते. ऐकायला एकदम भारी. पण इथे एक अट आहे आणि ती बऱ्याच जणांना कव्हर उघडल्यावर कळते. ट्विन कॅमचा क्रँक तुकडे दाबून जोडलेला असतो, एकसंध नाही. तो फिरताना किंचित हेलकावतो. लेथवर काम करणारे ज्याला ‘आउट’ म्हणतात, ते. चेन हा हेलकावा पोटात घालते, गिअर घालत नाही. गिअरसाठी हा आउट एका इंचाच्या हजार भागांपैकी तीनच्या आत लागतो, म्हणजे साधारण ०.०७६ मिलिमीटर. डायल गेज लावून मोजायचं, अंदाजपंचे नाही. जास्त निघाला तर गिअर कण्हतात, दात खातात, आणि ऑइल पंपाच्या बाजूलाही ताण जातो. २००३ च्या पुढच्या इंजिनांमध्ये तर हे नक्कीच मोजा. म्हणून गिअरचं किट आधी ऑर्डर करून ठेवू नका. आधी उघडा, मोजा, मग ठरवा.

बरं, आता कॅम कोणता? दुकानदार तुम्हाला आलेख दाखवेल, अमुक हॉर्सपॉवर. ती ताकद कुठे मिळते ते बघा. ५,५०० आरपीएमला मिळत असेल तर तुमचा काय उपयोग? क्रूझर आयुष्यभर २,००० ते ३,५०० मध्येच फिरते.

कॅमच्या कागदावर बरेच आकडे असतात. मी आधी एकच बघतो: इनलेट व्हॉल्व्ह कधी बंद होतो. का, ते दादर स्टेशनवर समजून घेऊ. संध्याकाळची लोकल, दारात गर्दी. मागून जोरदार रेटा असेल तर डबा भरलाय असं वाटल्यावरही आणखी दहा जण आत जातात, कारण रेटा थांबत नाही. तेच दुपारी बाराला? रेटा नाही. आतल्यांनी जरा पाय पसरले की दारातले परत फलाटावर.

सिलिंडरमध्ये हेच चालतं. पिस्टन खाली जातो, हवा आणि पेट्रोल आत येतं. पिस्टन तळाला जाऊन वर यायला लागला तरी इनलेट व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. आरपीएम जास्त असेल तर आत येणाऱ्या हवेला वेग असतो, रेटा असतो, आणि पिस्टन वर येत असतानाही ती आत घुसत राहते. मग उशिरा बंद होणारा कॅम फायद्याचा. पण २,२०० आरपीएमला तो रेटा नसतो. व्हॉल्व्ह उघडा, पिस्टन वर येतोय, आणि घेतलेली हवा तो परत बाहेर ढकलतोय. कॉम्प्रेशन तिथेच गळतं. या इंजिनाचं मूळ कॉम्प्रेशन ९ ला १ च्या आसपास, म्हणजे गळायला फार शिल्लकही नाही. मोठा कॅम घालून ‘गाडी खालून मेली’ म्हणणारे लोक याच कारणाने तसं म्हणतात. वरून जोर येतो, पण घाटात दोघं बसलेले असताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत नाही.

म्हणून पिस्टन मूळचे, हेड मूळचं, आणि फक्त कॅम बदलणार असाल तर इनलेट लवकर बंद करणारा छोटा कॅम घ्या. अँड्र्यूज कंपनीचे २१ आणि २६ हे या कामाचे जुने, खात्रीचे कॅम. एस अँड एसचा ५१० त्यांच्यापेक्षा एक पायरी वर. त्याच्या नावातच लिफ्ट आहे, ०.५१० इंच. आणि इथे दुसरी मर्यादा येते. २००४ पर्यंतच्या इंजिनांच्या मूळ व्हॉल्व्ह स्प्रिंग साधारण अर्ध्या इंचाच्या लिफ्टपर्यंतच सुरक्षित. त्यावर गेलात की स्प्रिंग बदला, म्हणजे हेड उतरवा, म्हणजे खर्च कुठच्या कुठे. २००५ पासूनच्या स्प्रिंग याबाबतीत जास्त मोकळ्या आहेत.

बसवताना काय काय? आतल्या बाजूला कॅम ज्या सुईच्या बेअरिंगमध्ये फिरतात ती बदलून टाका, जास्त सुया असलेली मिळतात. ती काढायला खास पुलर लागतो, हातोडी-छिन्नी नाही. कॅमवरचे ठिपके एकमेकांसमोर आले पाहिजेत. बाहेरची दोन स्प्रॉकेट एका पातळीत आहेत का, हे सरळपट्टी लावून बघायचं, नसतील तर योग्य जाडीचा स्पेसर.

मग पुशरॉड. टाकी आणि रॉकर बॉक्स न काढता काम उरकायचं असेल तर जुने पुशरॉड चक्क बोल्ट कटरने कापतात आणि ॲडजस्ट होणारे नवे घालतात. हे करताना घाई अजिबात नको. या टॅपेटमध्ये ऑइल भरलेलं असतं. पुशरॉड लांब केला की सुरुवातीला टॅपेट दबत नाही, उलट व्हॉल्व्हच उघडा राहतो. हळूहळू ऑइल झिरपतं, टॅपेट बसतो, आणि व्हॉल्व्ह बंद होतो. त्या सिलिंडरचे दोन्ही पुशरॉड बोटांनी सहज फिरायला लागेपर्यंत इंजिन फिरवायचं नाही. दहा मिनिटं लागोत नाहीतर अर्धा तास. चहा घ्या. मध्येच इंजिन फिरवलं तर उघडा व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतो.

हवा बदलली की पेट्रोलही बदलावं लागतं. कार्ब्युरेटर असेल तर जेट, इंजेक्शन असेल तर ट्यूनिंग. हे टाळलं तर गाडी पॉपिंग करते, तापते, आणि दोष कॅमवर जातो.

एका श्रोत्याने विचारलंय, हे भारतातल्या गाड्यांना लागू आहे का? हार्लेची इथली अधिकृत विक्री २०१० मध्ये सुरू झाली. त्यामुळे पुण्या-मुंबईत सेकंड हँड मिळणाऱ्या ट्विन कॅम बहुतेक ९६ किंवा १०३ क्युबिक इंचाच्या, म्हणजे हायड्रॉलिक टेन्शनरवाल्या. त्यांचे शू खूप हळू झिजतात, तरी जास्त चाललेली गाडी घेताना कव्हर उघडून बघायला सांगा. कॅम निवडायचा हिशोब मात्र त्यांनाही अगदी तोच. आणि ८८३ आयर्न वगैरे स्पोर्टस्टरवाल्यांनी निवांत राहावं. त्यांच्यात चार छोटे कॅम आहेत आणि चारही गिअरवर. हो, पीयूसीचंही लक्षात ठेवा. मोठ्या कॅममध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट जास्त वेळ एकत्र उघडे राहतात, आयडलिंगला न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर जातं, आणि ते मशीनवर दिसतं.

आणि ज्यांच्याकडे खरंच इम्पोर्ट केलेली १९९९ ते २००६ मधली ८८ आहे, त्यांनी एक करा. पुढच्या सर्व्हिसला जुना ऑइल फिल्टर फेकू नका. कापून उघडा, आतला कागद पसरा आणि उन्हात धरा. त्यात प्लॅस्टिकचे बारीक कण दिसले, तर कॅमच्या किमती बघत बसायच्या आधी मेकॅनिकला फोन लावा.