फ्रान्स व इटली : काय पाहावें आणि कसें पाहावें

युरोपचा प्रवास ही एके काळीं संस्थानिकांची, बॅरिस्टरांची किंवा सनदी नोकरीच्या उमेदवारांची गोष्ट होती. आज मध्यम स्थितींतील कुटुंबेंहि आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना घेऊन फ्रान्स व इटली पाहून येतात, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु दहा दिवसांत दहा शहरें आटोपावयाचीं, प्रत्येक मनोऱ्यापुढें उभें राहून छायाचित्र घ्यावयाचें आणि परतावयाचें, असा प्रकार पुष्कळदां होतो. त्यांत पाय थकतात, पैसा खर्च होतो, आणि मनाला मात्र फारसें कांहीं मिळत नाहीं. पाहण्याजोग्या स्थळांची यादी कोणत्याहि मार्गदर्शक पुस्तकांत सांपडेल. ती येथें देण्याचा हेतु नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, त्या देशांत जें जुनें म्हणून आपण पाहतों तें आपोआप टिकलेलें नाहीं. तें पडलें, जळलें, बुडालें, आणि माणसांनीं तें पुन्हां पुन्हां उभारलें. ही जतनाची कथा ज्याला ठाऊक असेल, त्याला तेथील भिंती मुक्या वाटणार नाहींत.

प्रारंभ पॅरिसपासून करूं. सेन नदींतील बेटावर नोत्र दाम हें प्रार्थनामंदिर ११६३ सालच्या सुमारास बांधावयास घेतलें गेलें. राज्यक्रांतीच्या काळांत त्याची फार दुर्दशा झाली. १८३१ सालीं व्हिक्टर ह्यूगो या ग्रंथकारानें याच मंदिराभोंवतीं एक कादंबरी रचली, लोकांचें लक्ष तिकडे वेधलें, आणि पुढें मोठा जीर्णोद्धार झाला. एका कादंबरीनें देऊळ वांचविलें असें म्हटलें तरी चालेल. १५ एप्रिल २०१९ रोजीं त्याच्या छपराला आग लागली. शिखर कोसळलें, शेंकडों वर्षांचीं लांकडें भस्मसात् झालीं. अग्निशामक दलानें पराकाष्ठा करून पुढील दोन मनोरे राखले. त्यानंतर सुतारांनीं ओक वृक्षांचे वासे मध्ययुगीन रीतीनें कुऱ्हाडीनें तासून घडविले, आणि डिसेंबर २०२४ मध्यें मंदिराचे दरवाजे पुन्हां उघडले. तेथें गेल्यावर केवळ रंगीत कांचा पाहूं नयेत. मान वर करावी आणि ती विद्या आजहि जिवंत आहे हें लक्षांत घ्यावें.

आयफेल मनोऱ्याचीहि कथा अशीच बोधप्रद आहे. १८८९च्या प्रदर्शनासाठीं उभारलेला हा लोखंडी मनोरा वीस वर्षांनंतर उतरावयाचा होता. परंतु बिनतारी संदेशाच्या कामीं तो उपयोगी पडूं लागला, म्हणून बचावला. लूव्र हा तर राजवाडाच. १७९३ सालीं तो संग्रहालय म्हणून लोकांसाठीं खुला झाला. येथील 'मोनालिसा' १९११ सालीं एका इटालियन कारागिरानें चोरून नेली, तेव्हां तिची रिकामी जागा पाहावयासहि माणसें रांगा लावीत! दोन वर्षांनीं ती फ्लॉरेन्स येथें सांपडली आणि १९१४ च्या आरंभीं परत आली. तिच्यापुढील गर्दींत अर्धा तास घालविण्यापेक्षां सहज मागें वळावें. समोरच्याच भिंतीवर व्हेरोनेसे याचें काना गांवच्या लग्नाचें प्रचंड चित्र आहे. तें व्हेनिसच्या एका मठांतून नेपोलियनच्या सैन्यानें १७९७ सालीं आणलेलें. एका राष्ट्राचें वैभव हें कधीं कधीं दुसऱ्याची लूट असतें, हेंहि मुलांना तेथें समजावून द्यावें.

पॅरिसहून आगगाडीनें आल्प्सच्या पोटांतील, १८७१ सालीं खुल्या झालेल्या बोगद्यांतून इटलींत उतरतां येतें. मिलान येथें लिओनार्दोचें 'अखेरचें भोजन' हें भित्तिचित्र मठाच्या भोजनगृहांत आहे. कोरड्या भिंतीवर रंगविण्याचा प्रयोग त्यानें केला, तो फसला. रंग त्याच्या हयातींतच सुटूं लागले. ऑगस्ट १९४३ मध्यें बाँब पडून भोजनगृहाची एक भिंत व छप्पर ढासळलें. परंतु चित्राच्या भिंतीला वाळूच्या पोत्यांचा आधार दिलेला असल्यामुळें ती उभी राहिली. पुढें वीसांहून अधिक वर्षें खपून तज्ज्ञांनीं तें चित्र साफ केलें. तें काम १९९९ सालीं पुरें झालें. आतां थोड्या थोड्या लोकांना पंधरा मिनिटेंच आंत सोडतात. जागा आगाऊ राखून ठेवावी, नाहीं तर दारावरून परत फिरावें लागेल.

व्हेनिस चिखलांत रोंवलेल्या असंख्य लांकडी खुंटांवर उभें आहे. तेथील सेंट मार्कच्या चौकांतील घंटामनोरा १४ जुलै १९०२ रोजीं कोसळला; दैवाची खैर, कीं एकहि माणूस दगावलें नाहीं. "जेथें होता तेथें, जसा होता तसा" तो उभारण्याचा निश्चय नगरानें केला, आणि १९१२ सालीं तो सिद्धीस नेला. समुद्राचें पाणी शहरांत चढूं नये म्हणून खाडीच्या मुखांशीं अठ्ठ्याहत्तर पोलादी झडपा बसविल्या असून ऑक्टोबर २०२० पासून त्या भरतीच्या वेळीं उचलल्या जातात.

परंतु या प्रवासांत ज्या नगरांत अधिक दिवस राहावें तें फ्लॉरेन्स होय. ब्रुनेलेस्कीचा घुमट, उफ्फीत्सी येथील चित्रशाळा यांची कीर्ति सर्वश्रुत आहे. आर्नो नदीवरील सांता त्रिनिता हा पूल मात्र लोक न पाहतांच ओलांडून जातात. ऑगस्ट १९४४ मध्यें माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें तो उडवून दिला. फ्लॉरेन्सकरांनीं नदीच्या तळांतून दगड काढले आणि १९५८ सालीं तोच पूल पुन्हां बांधला. पुलावरील वसंतदेवतेच्या पुतळ्याचें मस्तक तेवढें सांपडत नव्हतें. तेंहि १९६१ सालीं नदींतच मिळालें. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं याच आर्नोला महापूर आला. तेव्हां देशोदेशींचे तरुण-तरुणी धांवून आले आणि रांगा करून चिखलांतून ग्रंथ बाहेर काढूं लागले. त्यांना लोकांनीं 'चिखलांतील देवदूत' असें नांव दिलें.

मराठी प्रवाशानें फ्लॉरेन्समध्यें आणखी एका ठिकाणीं अवश्य जावें. कोल्हापूरचे छत्रपति दुसरे राजाराम महाराज इंग्लंडचा प्रवास करून परततांना ३० नोव्हेंबर १८७० रोजीं येथें निवर्तले. वय अवघें वीस वर्षांचें. ख्रिस्ती देशांत दहनाची चाल नव्हती. तरी तेथील अधिकाऱ्यांनीं परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, हिंदु धर्मविधीप्रमाणें, त्यांचा अंत्यसंस्कार झाला. कशीने उद्यानाच्या टोंकाशीं त्यांची छत्री व अर्धपुतळा आजहि आहे. जवळच्या पुलाला, जो १९७८ सालीं पुरा झाला, फ्लॉरेन्सकर 'हिंदी माणसाचा पूल' म्हणतात. एका परक्या तरुणाची स्मृति त्यांनीं इतकीं वर्षें सांभाळली. महाराजांची त्या प्रवासाची रोजनिशी १८७२ सालीं लंडन येथें इंग्रजींत प्रसिद्ध झाली. निघण्यापूर्वीं ती घरांत वाचली जावी.

रोममध्यें दोन इमारतींची तुलना करावी. पॅन्थिऑनचा घुमट त्रेचाळीस मीटरांहून अधिक रुंद असून जवळ जवळ एकोणीसशें वर्षें अभंग आहे. याचें एक कारण असें, कीं ६०९ सालीं त्याचें प्रार्थनामंदिर झालें व तेथें माणसांचा राबता राहिला. उलट कोलोसियमला कोणी धनी उरला नाहीं; त्याचे दगड शतकानुशतकें नव्या इमारतींसाठीं नेले गेले. वापर असतो तेथें जपणूक होते, उपेक्षा असते तेथें खाण होते.

कांहीं व्यवहाराच्या सूचना. लूव्र मंगळवारीं बंद असतें, उफ्फीत्सी व मिलानचें भित्तिचित्र सोमवारीं. मंदिरांत खांदे व गुडघे झांकलेले असावेत; आपल्या साडीला किंवा सलवारीला अर्थातच कोणी हरकत घेत नाहीं. रोमच्या रस्त्यांवरील नळांचें पाणी पिण्याजोगें असून फुकट मिळतें. शाकाहारी मंडळींना इटलींत टोमॅटो, भाज्या, पाव यांवर सुखानें राहतां येतें. मात्र पार्मेसान नांवाचें चीज वासराच्या जठरांतील द्रव्यानें विरजतात, हें ठाऊक असावें, व तें नको असल्यास आधींच सांगावें. वृद्ध मंडळी बरोबर असल्यास चार शहरेंच निवडावीं; दुपारीं विश्रांति घेऊन सायंकाळीं पुन्हां निघावें.

परतल्यावर शेजारीपाजारी विचारतील, काय काय पाहिलें? स्थळांचीं नांवें सांगून त्यांचें समाधान होईल. पण आपल्या वाड्याच्या माळ्यावर पूर्वजांच्या हस्तलिखित पोथ्या वाळवीच्या स्वाधीन झालेल्या असतील, गांवच्या देवळाच्या कोरीव दगडांवर तैलरंग फासला जात असेल, तर त्या नांवांना अर्थ तो काय? परक्यांचें वैभव पाहून दिपून जाणें सोपें आहे. त्यांनीं तें कोणत्या कष्टांनीं राखलें हें पाहून घरीं आल्यावर एक तरी पोथी उन्हांत घालणें, स्वच्छ पुसून नव्या कापडांत बांधणें, हेंच या प्रवासाचें खरें सार्थक होय.