देश हरवलेल्या मुत्सद्द्याचे पोलोनेझ

पोलंडचे संगीत म्हटले की रसिकांना प्रथम आठवतो तो फ्रेडरिक शोपँ. मात्र त्याच्या आधीच्या पिढीतील एका संगीतकाराची ‘मातृभूमीचा निरोप’ ही छोटीशी पियानोरचना पोलंड, लिथुआनिया आणि बेलारूस या तिन्ही देशांत आजही आपलेपणाने ऐकली जाते. तिचा रचनाकार मिखाऊ क्लेओफास ओगिन्स्की हा पेशाने संगीतकार नव्हता. तो मुत्सद्दी होता आणि ज्या राष्ट्राचे प्रतिनिधित्व त्याने केले, ते राष्ट्र त्याच्या डोळ्यांदेखत नकाशावरून पुसले गेले.

ओगिन्स्कीचा जन्म २५ सप्टेंबर १७६५ रोजी वॉर्साजवळील गुझुव येथे एका धनाढ्य सरदार घराण्यात झाला. त्या काळी पोलंड व लिथुआनिया यांचे संयुक्त राज्य होते. बालपणी त्याला संगीताचे धडे दिले ते युझेफ कोझ्लोव्स्की या तरुण संगीतकाराने. पुढे ओगिन्स्की राजकारणात शिरला. हेग येथे राजदूत आणि नंतर लिथुआनियाचा खजिनदार अशी पदे त्याने सांभाळली. दरम्यान रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी १७७२ पासून पोलंडचे लचके तोडण्यास प्रारंभ केला होता. १७९४ मध्ये तादेउश कोश्चुश्कोच्या नेतृत्वाखाली उठाव झाला, तेव्हा ओगिन्स्कीने स्वखर्चाने सैन्याची तुकडी उभारली व तिच्यासाठी कूचगीतही रचले. उठाव चिरडला गेला. १७९५ च्या तिसऱ्या फाळणीने पोलंडचे स्वतंत्र अस्तित्व संपले आणि ते १९१८ पर्यंत परतले नाही. ‘मातृभूमीचा निरोप’ ही रचना परंपरेने याच देशत्यागाशी जोडली जाते.

या रचनेचे महत्त्व जाणण्यासाठी पोलोनेझ म्हणजे काय, हे पाहणे आवश्यक आहे. पोलोनेझ हे मूळचे नृत्य. तीन मात्रांच्या संथ, भारदस्त लयीत जोडप्यांची मिरवणूक दालनातून फिरते. सरदारांच्या मेजवान्यांत नृत्याचा प्रारंभ याच मिरवणुकीने होई. साहजिकच त्याचे संगीत रुबाबदार व उत्सवी असे. ओगिन्स्कीने लय कायम ठेवली. मात्र तिच्यावर गाण्यासारखी, विषादाने भरलेली स्वरावली बसवली. ‘निरोप’साठी त्याने मायनर स्वरसप्तक निवडले. आपल्या परिभाषेत सांगायचे तर त्यात गंधार व धैवत कोमल असतात. परिणामी पावलांसाठी असलेले संगीत शांत बसून ऐकण्याचे झाले.

याच नृत्यप्रकाराचा अगदी उलट उपयोग त्याच्या गुरूने केला, हा इतिहासातील विलक्षण योगायोग होय. कोझ्लोव्स्की पुढे रशियाच्या सेवेत गेला. रशियन सेनापती सुवोरोव याने १७९० मध्ये तुर्कांकडून इझमाईलचा किल्ला जिंकला. त्या विजयाच्या सोहळ्यासाठी कोझ्लोव्स्कीने १७९१ मध्ये रचलेले गीत पोलोनेझच्याच लयीत होते आणि काही काळ ते रशियन साम्राज्याचे अनधिकृत राष्ट्रगीत ठरले. पुढे १७९४ मध्ये वॉर्साच्या प्रागा उपनगरात उठावकऱ्यांचा पाडाव केला तो याच सुवोरोवने. एकाच लयीतून गुरूने साम्राज्याचा जयघोष केला, तर शिष्याने त्या साम्राज्याने गिळलेल्या देशाची व्यथा मांडली.

ओगिन्स्कीने वीसहून अधिक पोलोनेझ, शिवाय मझुर्का, वॉल्ट्झ आणि प्रेमगीते लिहिली. हायडन व मोझार्ट यांच्या काळाला साजेशी त्यांची मांडणी सुबक व मोजकी आहे. हौशी वादकालाही घरच्या पियानोवर वाजवता येतील इतक्या त्या सोप्या असल्याने त्यांच्या छापील प्रती युरोपभर पोहोचल्या. त्यांच्याभोवती आख्यायिकाही पसरल्या. एक पोलोनेझ रचून संगीतकाराने प्रेमभंगापायी स्वतःवर गोळी झाडली, अशी वदंता होती. प्रत्यक्षात तो ६८ वर्षे जगला. पोलंडच्या राष्ट्रगीताची चालही दीर्घकाळ त्याच्या नावावर होती. अभ्यासक आता ती लोकसंगीतातून आली असे मानतात.

त्याचे राजकीय आयुष्य मात्र तडजोडींनी भरलेले होते. निर्वासित असताना त्याने कॉन्स्टँटिनोपल व पॅरिस येथे मदतीसाठी खटपट केली. नेपोलियनवर त्याची एवढी भिस्त होती की १७९९ मध्ये त्याने बोनापार्टच्या कैरो मोहिमेवर ऑपेराच लिहिला. आशा फोल ठरल्यावर १८०२ मध्ये तो झारच्या परवानगीने मायदेशी परतला आणि आजच्या बेलारूसमधील झालेस्ये येथे राहू लागला. १८१० मध्ये तो रशियाचा सिनेटर झाला. झारच्या छत्राखाली लिथुआनियाला स्वायत्तता मिळावी, अशी योजनाही त्याने १८११ मध्ये मांडली. ती फळाला आली नाही. अखेर तो इटलीत गेला. पोलंडविषयीच्या त्याच्या फ्रेंच आठवणी १८२६-२७ मध्ये पॅरिसला चार खंडांत प्रसिद्ध झाल्या. १५ ऑक्टोबर १८३३ रोजी फ्लॉरेन्समध्ये त्याचे निधन झाले. सांता क्रोचे चर्चमध्ये त्याची समाधी आहे.

त्याने आखलेली एकही राजकीय योजना तडीस गेली नाही. पोलोनेझची वाट मात्र पुढच्या पिढीने चालू ठेवली. सात वर्षांच्या शोपँने १८१७ मध्ये रचलेल्या पहिल्या पोलोनेझवर ओगिन्स्कीची छाप जाणवते. शोपँने पुढे या प्रकाराला जी उंची दिली, तिचा पाया नृत्यापासून सुटलेल्या या पियानोरचनांत आहे. आंद्रेई वायदा यांच्या १९५८ च्या ‘ॲशेस अँड डायमंड्स’ या चित्रपटात युद्धोत्तर पोलंडचे वैफल्य दाखवताना अखेरीस बेसूर वाजणारे पोलोनेझ ओगिन्स्कीचेच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने पोलोनेझ नृत्याचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. शालान्त परीक्षेच्या सुमारे शंभर दिवस आधी होणाऱ्या समारंभात पोलंडमधील विद्यार्थी आजही जोडीजोडीने पोलोनेझची मिरवणूक काढतात.