नाकाच्या वाटेने

पोटात मुरडा येऊन आव पडू लागली म्हणजे आपल्याकडील सामान्य गृहस्थ अमीबाच्या नावाने खडे फोडतो, पाणी उकळून पिण्याचा निर्धार करतो आणि चार दिवसांत तो निर्धार विसरूनही जातो. परंतु माणसाच्या आतड्यात बिऱ्हाड थाटणारा हा अमीबा आपल्या विस्तीर्ण गोतावळ्यात अपवादभूतच म्हटला पाहिजे. कारण त्याचे बहुसंख्य भाऊबंद तळ्याच्या गाळात, शेतातल्या मातीत किंवा नळाच्या आतील बुळबुळीत थरावर जिवाणू खाऊन स्वतंत्रपणे नांदत असतात, आणि मनुष्यप्राणी उद्या पृथ्वीवरून नाहीसा झाला तरी त्यांच्या नित्यक्रमात तिळमात्र खंड पडणार नाही. शास्त्रज्ञ त्यांना मुक्तजीवी अमीबा म्हणतात. ज्यांना आपली काहीच गरज नाही अशांच्या हातून आपला प्राण का जावा, हे कोडे त्यांच्या संशोधनाच्या मुळाशी आहे.

प्रारंभी या जीवांची दखल घेतली गेली ती केवळ एक उपद्रव म्हणून. १९३० साली आल्दो कास्तेल्लानी यांना यीस्टच्या संवर्धनात एक आगंतुक अमीबा आढळला. पुढे त्याच्या कुळाला अकँथअमीबा हे नाव मिळाले, परंतु तो रोगकारक असेल अशी शंका कोणास आली नाही. १९५८ साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे पोलिओच्या लसीची सुरक्षितता तपासली जात असताना माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर ठिकठिकाणी विरळ डाग उमटले. हे एखाद्या विषाणूचे काम असावे, असे प्रथम वाटले. तो द्रव माकडांना व उंदरांना टोचला तेव्हा ती जनावरे मेंदूच्या दाहाने मेली, आणि त्यांच्या मेंदूंत क्लाइड कल्बर्टसन यांना सापडले ते अमीबा. हाच प्रकार माणसातही संभवतो, असा इशारा त्यांनी दिला.

त्या इशाऱ्याची प्रचीती आली ती दूर दक्षिण ऑस्ट्रेलियात. ॲडलेड येथील मुलांच्या रुग्णालयातील विकृतिविज्ञ माल्कम फाउलर आणि त्यांचे सहकारी रॉडनी कार्टर यांनी १९६५ साली चार रुग्णांच्या मृत्यूची हकिकत प्रसिद्ध केली: लक्षणे सारी पूयुक्त मस्तिष्कावरणदाहाची, परंतु जिवाणूचा मागमूस नाही, आणि मेंदूत मात्र अमीबांची दाटी. गुन्हेगार अकँथअमीबा असावा, असा त्यांचा तर्क होता. तो चुकीचा ठरला. खरा अपराधी नेग्लेरिया कुळातला निघाला आणि १९७० साली कार्टर यांनी फाउलर यांच्या गौरवार्थ त्याला नेग्लेरिया फाउलरी हे नाव दिले.

परंतु तो आला कोठून? या भागातील रूक्ष, कमी पावसाच्या गावांना मरे नदीचे पाणी शेकडो किलोमीटर लांबीच्या लोखंडी नळांतून पुरविले जात असे, आणि हे नळ जमिनीखाली पुरलेले नसून उघड्यावर, उन्हात पसरलेले होते. उन्हाळ्यात त्यांतील पाणी कोमट होई, क्लोरीन वाटेतच निष्प्रभ होऊन जाई, आणि ४५ अंश सेल्सियसच्या उष्णतेतही सुखेनैव वाढणाऱ्या या अमीबाला आयतीच राहुटी मिळे. घरच्या नळाखाली खेळणाऱ्या मुलाच्या नाकात ते पाणी जाई, एवढाच त्या मुलाचा अपराध. तेव्हा नदी, निसर्ग आणि जीव यांपैकी कोणाचेच काही बिघडले नव्हते. बिघडले होते ते माणसाच्या पाणीपुरवठ्यात, आणि बंदोबस्तही तेथेच झाला. पुढे क्लोरीनला अमोनियाची जोड देऊन टिकाऊ निर्जंतुकीकरण सुरू करण्यात आले.

हे पाणी प्याल्याने रोग होत नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. नाकाच्या छतापाशी चाळणीसारखे एक पातळ हाड असते. त्याच्या छिद्रांतून गंधाचे मज्जातंतू मेंदूकडे जातात, आणि अमीबा नेमकी हीच वाट धरतो. मग डोकेदुखी, ताप, वांती, मान ताठरणे आणि बहुधा थोड्याच दिवसांत शेवट. अमेरिकेत १९६२ ते २०२२ या काळात नोंदलेल्या १५७ रुग्णांपैकी वाचले ते अवघे चार. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याचा थेंब ताजा असतानाच काचपट्टीवर घेऊन पाहिला तर पूपेशींच्या गर्दीत एखादी पेशी बोथट फुगवटा पुढे करून सरकताना दिसते. तोच थेंब शीतपेटीत ठेवून विसरला गेला तर ही हालचाल थांबते, आणि पूपेशी कोणती व अमीबा कोणता, हे ओळखणे दुरापास्त होते. रोगनिदान पुष्कळदा एवढ्याशा दक्षतेवर अवलंबून असते.

याच्या नातलगांच्या वाटा निराळ्या. अकँथअमीबा डोळ्यात शिरून बुबुळाच्या पारदर्शक पटलावर वेदनामय व्रण उत्पन्न करतो. पाश्चात्त्य देशांत त्याचा संबंध नळाच्या पाण्याने धुतलेल्या स्पर्शभिंगांशी जुळला, आपल्याकडे मात्र पुष्कळसे रुग्ण डोळ्यात माती किंवा काडीकचरा गेलेले कष्टकरी असतात. बालामुथिया हा दुसरा नातलग १९८६ साली सॅन डिएगो येथील प्राणिसंग्रहालयातील एका मॅंड्रिल माकडिणीच्या मेंदूत सापडला, आणि त्याची ओळख पटविण्यात अमेरिकेतील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ गोविंद विश्वेश्वर यांचा वाटा मोठा आहे. शिवाय हे अमीबा दुसऱ्यांचे यजमानही होतात: न्यूमोनियाचा लीजनेला जिवाणू त्यांच्या पोटात वाढतो, हे १९८० साली टिमथी रोबॉथम यांनी दाखविले. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथील एका शीतन-मनोऱ्याच्या पाण्यातील अमीबात जो 'जिवाणू' आढळला होता, तो वस्तुतः एक महाकाय विषाणू असल्याचे २००३ साली उघडकीस आले.

आपल्या देशात केरळने अलीकडे अमीबामुळे होणाऱ्या मेंदूच्या या रोगाची विशेष दखल घेतली असून २०२४ साली तेथे उपचारासंबंधी स्वतंत्र सूचना जारी झाल्या. त्याच वर्षी तेथील एक किशोरवयीन मुलगा वेळीच झालेले निदान आणि मिल्टेफोसिन या औषधामुळे बचावला. हेच औषध आपल्याकडे काळ्या आजारावर वापरले जाते.

आपल्या गावच्या विहिरीत सूर मारणाऱ्या मुलांना विहिरीचे दार बंद करण्याचे कारण नाही, कारण हा रोग अतिशय विरळा आहे. मात्र उन्हाळ्यात तळाशी आलेल्या, तापलेल्या पाण्यात उडी घेताना नाक चिमटीत धरावे, आणि जलनेतीचा अभ्यास करणाऱ्याने लोटीत थेट नळाचे पाणी न घेता ते उकळून निवविलेले घ्यावे. पोटासाठी पाणी उकळण्याचा निर्धार आपण चार दिवसांत विसरतो. नाकासाठी केलेला तेवढा विसरू नये.